माझ्या झाकणावरचा पोचा

मित्रांनो, माझ्या झाकणाला एका बाजूनं चांगला खोल पोचा आलेला आहे. तो आधी नीट बघून घ्या. नाहीतर मी इकडे माझी जन्मकथा सांगणार आणि तुमची नजर सारखी तिकडेच जाणार. बघितलात? आता माझ्याकडे लक्ष द्या. पोचा कसा आला ते त्याच्या जागी येईलच.

मी शैलाबाईंच्या घरचा मिसळणाचा डबा. हल्लीची मंडळी मला मसाल्याचा डबा म्हणतात. म्हणू देत, मला दोन्ही नावं चालतात. अंगानं स्टीलचा, गोल, पोटात सात वाट्या आणि एक इवलासा चमचा. भुलेश्वरच्या बाजूला एका गाळ्यात पत्र्याच्या चकतीवर दाब देऊन मला घडवलं. तिथं दिवसभर इतका खणखणाट चाले की मला वाटलं, जग म्हणजे नुसती आदळआपट. पुढे वरळीच्या बीडीडी चाळीत राहायला आलो तेव्हा कळलं, माझा अंदाज फारसा चुकला नव्हता.

शैलाबाईंच्या लग्नात त्यांच्या मामांनी मला आहेरात दिलं. दुकानातच यंत्राच्या सुईनं टिंब टिंब करत माझ्या कडेला नाव घातलं, 'शैला हीस मामांकडून'. तेव्हा गुदगुल्या झाल्या होत्या. आज ती अक्षरं घासून घासून पुसट झाली आहेत, पण उजेडात तिरकं धरलं की दिसतात. मामा गेले, त्यांचं घरही उठलं, पण नाव माझ्याकडे आहे. मामांचा मी ऋणी आहे, कारण त्यांनी मला चांगल्या घरात दिलं.

चांगलं म्हणजे श्रीमंत नव्हे हं. एक खोली, तिच्यातच मोरी, तिच्यातच चूल. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली बुद्धाची छोटी मूर्ती. शैलाबाईंचे यजमान गंगाधरराव मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा माझ्या वाट्या अर्ध्यावर आल्या, पण एकही रिकामी राहिली नाही. बाई चार घरचं जेवण करून देऊ लागल्या आणि मी दिवसातून दहा वेळा उघडू लागलो. त्यांच्या हातच्या बोंबलाच्या कालवणाचा वास सुटला की शेजारच्या सुभद्राकाकू वाटी घेऊनच दारात उभ्या राहत. "शैला, चव बघायला आले गं," म्हणायच्या. वाटी मात्र चांगली मोठी असायची.

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. माझ्या वाट्यांची जागा ठरलेली. मधोमध घरचा लाल मसाला. बाईंच्या पोटाच्या बाजूला मोहरी, तिच्या उजवीकडे जिरं, मग हळद, धने पूड, मेथी, मीठ. बाई माझ्यात कधी डोकावून बघत नसत. डोळे कढईवर, तोंड सुभद्राकाकूंशी, आणि हात बरोबर हव्या त्या वाटीत. निलेशनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, लहानपणी एकदा विचारलं, "आई, न बघता कसं कळतं?" तर म्हणाल्या, "बघायचं कशाला? जिरं काय जागा सोडून पळणार हाय?"

तर असा माझा थाट. मुलं मोठी झाली. थोरली प्रिती लग्न होऊन बदलापूरला गेली. गंगाधरराव तसबिरीत जाऊन बसले. निलेश दोहाला एका हॉटेलात कामाला लागला, आणि एके दिवशी फोनवर म्हणाला, "आई, मुलगी पसंत केलीये. श्रीलंकेची आहे. आपल्यासारखीच बौद्ध आहे."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "बौद्ध हाय ते बरं रे. पण बोलू काय तिच्याशी? तुला तिकडं बायकोला न्यायची परवानगी नाय. तू जाशील निघून, आणि मी काय हिच्यासमोर हातवारे करत बसू?"

लग्न झालं, महिनाभरानं निलेश दोहाला परत गेला आणि त्या खोलीत दोघी उरल्या. एक शैलाबाई, दुसरी दिल्हानी. कँडीजवळच्या गावची पोर, सावळी, लांब वेणीची. तिला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. बाईंना सिंहली कुठून येणार? दिवसभर घरात भांड्यांचा तेवढा आवाज. मी आयुष्यात पहिल्यांदा शांततेला कंटाळलो.

निलेश गेला त्याच संध्याकाळी बाई बुद्धापुढे मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील म्हणायला बसल्या. दिल्हानी मागं येऊन गुडघ्यांवर बसली. बाईंनी सुरुवात केली आणि मागून दुसरा आवाज त्याच शब्दांत, त्याच ओघात मिसळला. उच्चार थोडा निराळा, चाल थोडी निराळी, पण वंदना दोघींची पालीतलीच, शब्दाला शब्द तेच. वंदना अर्ध्यात कधी थांबवायची नसते. बाई थांबल्या. मागं वळून त्यांनी सुनेकडे बघितलं. दिल्हानी घाबरून गप्प झाली. बाईंनी हातानं खूण केली, चालू दे. मग दोघींनी शेवटपर्यंत एकत्र म्हटलं.

त्यानंतर बाई उठल्या, मला खाली घेतलं, झाकण काढलं आणि सुनेसमोर ठेवून एका वाटीत बोट घातलं.

"मोहरी," त्या म्हणाल्या.

दिल्हानी बघत राहिली.

"अगं म्हण की. मोहरी."

"मोहरी," दिल्हानी म्हणाली.

मित्रांनो, त्या पोरीचा पहिला मराठी शब्द माझ्या पोटातून निघाला. मला त्याचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. दुसरा शब्द शिकवायला बाईंनी जिऱ्याची वाटी उचलून तिच्या हातात दिली. पोरीनं ती घाईनं धरली. वाटी कलंडली आणि सगळं जिरं फरशीवर.

"अय्यो, सूदुरू," दिल्हानी कळवळून म्हणाली.

"काय? सूदुरू? जिऱ्याला सूदुरू म्हणता तुम्ही?" बाईंना हसू आवरेना. "कुणाच्या धाकट्या पोराला हाक मारल्यागत वाटतं गो. ए सूदुरू, जेवायला ये." हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम फरशीकडे लक्ष गेलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय गो बाय, एवढं सांडलंस, आता भरायला काय तुझा सासरा येणार हाय?" सासरा तर भिंतीवर तसबिरीत. दिल्हानीला शब्द कळले नाहीत, पण बाईंचा हात तसबिरीकडे गेला तेव्हा ती पण फिसकन हसली. दोघींनी मिळून जिरं भरलं.

मग रोज संध्याकाळी वंदना आणि वंदनेनंतर मी. माझ्या वाट्या संपल्या तशा घरातल्या बाकीच्या वस्तू आल्या. पळी, झारा, पाटा, पोळपाट, बाईंचे गुडघे, शेजारणीच्या कागाळ्या. जिऱ्याचं नाव निघालं की बाई मुद्दाम म्हणायच्या, "आण तो तुमचा सूदुरू." एकदा मात्र पोरीनं घोळ केला. मला वाट्यांसकट स्वच्छ आंघोळ घातली आणि वाट्या तिला सुंदर दिसतील अशा रंगांच्या क्रमानं लावल्या. मोहरीच्या जागी मेथी. बाईंनी न बघता फोडणीत चिमूट टाकली, मेथी करपली आणि कालवण असं कडू झालं की सुभद्राकाकूंनी वाटी तशीच परत ठेवली. बाईंनी सुनेचा हात धरला आणि एकेका वाटीवर नेला. "इथं हीच. उद्या माझे डोळे गेले तरी माझं बोट इथं येणार." दिल्हानीनं मान हलवली. तेव्हापासून माझ्या वाट्यांची जागा कधी बिघडली नाही.

आणखी एक गंमत झाली. तिनं मराठी ऐकलं ते एकट्या शैलाबाईंचं, आणि बाईंचं माहेर रत्नागिरीकडचं. त्यामुळे ती बोलायची ती थेट रत्नागिरीकडच्या म्हातारीसारखं. निलेशला फोनवर म्हणायची, "जेवलास काय रे मेल्या?" तिकडे तो कपाळाला हात लावायचा, आईशी लग्न केल्यासारखं वाटतंय म्हणायचा. आणि बाई तिला अगं-तूगं करत, म्हणून ती पण बाईंना बिनदिक्कत तू म्हणायची. "आई, तू बस. मी करते." सुभद्राकाकूंच्या कानाला ते टोचलं.

"शैला, सासूला तू म्हणते तुझी सून. तुम्ही म्हणायला शिकव की."

"नको. प्रिती पण मला तूच म्हणते," बाई म्हणाल्या. विषय संपला.

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायला लालबागला जायचं. बाई मला सोबत न्यायच्या, कारण गेल्या वर्षीच्या मसाल्याचा रंग दुकानदाराला दाखवायचा असे. मिरच्या निवडायच्या, भाजून घ्यायच्या, मग डंकावर कांडायला द्यायच्या आणि समोर उभं राहायचं, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला आपल्यात मिसळता कामा नये. धुरळ्यानं अख्खी रांग शिंकत असते. त्या वर्षी बाईंचा घसा बसला होता, तेव्हा दिल्हानी पुढे झाली. "दादा, आधी डंक झाडून घे. आमच्यात दुसऱ्याचं नको. आणि रंग असा पाहिजे, हा बघ." तिनं माझं झाकण काढून दाखवलं. डंकवाला तिच्याकडे बघतच राहिला.

"मावशी, ही कोण?"

"सून माझी."

"कुठली?"

बसलेल्या घशानं बाई म्हणाल्या, "वरळीची."

दिल्हानीनं चेहरा दुसरीकडे वळवला. डोळ्यांत मिरची गेली असं तिनं सांगितलं. गेली असेलही.

मग आमची चाळ पाडायची ठरली आणि आम्हाला नव्या टॉवरमध्ये वर घर मिळालं. लिफ्ट, स्वतंत्र स्वयंपाकघर, पांढरीशुभ्र फरशी, खिडकीतून समुद्राची एक चीर, आणि सुभद्राकाकू त्याच मजल्यावर. सगळे खूश होते, मीही होतो. घरभरणीला प्रितीनं आईला काचेच्या बरण्यांचा संच आणला. एकसारख्या, चौकोनी, प्रत्येकीवर इंग्रजीत नाव. "आई, आता तो जुना डबा काढ बघ. नवीन किचनमध्ये शोभत नाही," ती म्हणाली. लेकीनं हौसेनं आणलेलं, बाई काय बोलणार? मी वरच्या कपाटात गेलो. शेजारी जुना कुकर, त्याची शिट्टी हरवलेली. तो बिचारा बोलतही नव्हता.

रागावलो, खोटं कशाला सांगू. पण वरून मला ऐकू येत होतं. बाई एकेका बरणीचं झाकण उघडून वास घ्यायच्या आणि परत लावायच्या. तीन बरण्या उघडल्या की हवी ती सापडायची. तोवर तेल तापून धूर व्हायचा. आयुष्यभर ज्यांचा हात न चुकता माझ्यात उतरला, त्यांना स्वतःच्या ओट्यासमोर चाचपडताना ऐकून मला वाईट वाटलं.

एके सकाळी चहा उकळत होता. बाई म्हणाल्या, "दिल्हानी, दुधाचं..." आणि वाक्य तिथंच राहिलं. मग काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दिल्हानीची हाक ऐकली मी, "आई, आई गो." पुढचं मी ऐकीव सांगतो. तिनंच गाडी बोलावली, तिनंच वॉचमनला हाताला धरून वर आणलं. हॉस्पिटलात सगळे तिच्याशी हिंदीत बोलायला लागले, तर ती मराठीत म्हणाली, "मी त्यांची सून. मला सांगा." डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

वाचा गेली म्हणजे काय, ते बाई घरी आल्यावर मला कळलं. त्यांना सगळं समजायचं. पाणी हवं असलं की ओठ हलायचे, चेहरा लाल व्हायचा, पण 'पाणी' निघायचं नाही. कधी 'अ, अ' व्हायचं, कधी भलताच आवाज. मग त्या तोंड फिरवून भिंतीकडे बघत. ज्या बाईनं अख्खी चाळ बोलून हलवली, तिचं घर गप्प झालं होतं. बोलायला शिकवणाऱ्या आकांक्षा मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या. त्या म्हणाल्या, "शब्द आत आहेत, वाट सापडत नाहीये. घरच्या माणसांनी रोज बोलतं करायला हवं. किती परत येईल ते मी आज सांगू शकत नाही."

प्रिती रजा काढून येऊन राहिली. आईचं सगळं केलं तिनं, रात्रीची झोप मोडून केलं, तिला नावं ठेवायला मी तयार नाही. पण एक दिवस ओट्यापाशी ती दिल्हानीला म्हणाली, "हे बघ, तू खूप केलंस. पण मी आईला बदलापूरला नेते. तिला आता तिच्या भाषेतलं माणूस पाहिजे. तू कितीही बोललीस तरी ते शिकलेलं मराठी. आईच्या तोंडातून अर्धा शब्द निघाला तर तो ओळखणार कोण?"

नळ चालू होता, तो दिल्हानीनं बंद केला. निलेशनं फोनवर सांगितलं, "ताई म्हणते त्यात तथ्य आहे. आईचं बोलणं परत यायला हवं, बाकी काही नाही. रविवारी नेऊ दे." म्हणजे रविवारपर्यंतच बाई या घरात होत्या.

त्या संध्याकाळी दिल्हानीनं मेणबत्ती लावली, बाईंची खुर्ची बुद्धासमोर आणली आणि एकटीच त्रिसरण म्हणायला लागली. दुसऱ्या ओळीला खुर्चीतून आवाज आला. घोगरा, पण सरळ. बाई म्हणत होत्या. एकही शब्द न अडखळता. प्रिती आतून धावत आली आणि दारात उभी राहून रडायला लागली. "आई, बोललीस तू. आता मला हाक मार. प्रिती म्हण." बाईंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. आकांक्षा मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, तोंडपाठ असलेलं असं कधी कधी शाबूत राहतं, मनचं बोलणं, म्हणजे स्वतः शब्द शोधून बोलणं, निराळं. प्रिती पार खचली.

पण दिल्हानी बाईंकडे बघत होती. पहिल्या दिवशी त्या दोघींत वंदनेपलीकडे एक शब्द नव्हता. आजही नव्हता. आणि पहिल्या दिवशी वंदना झाल्यावर बाईंनी काय केलं होतं, ते तिला आठवलं. ती स्टूल घेऊन आली. वरचं कपाट उघडलं. माझ्यावर उजेड पडला. मित्रांनो, मी तेव्हा रडलो नाही, कारण आम्हाला रडता येत नाही. येत असतं तर वाट्या भरल्या असत्या.

तिनं मला घासलं, पुसलं, भरलं. मधोमध लाल मसाला. बाईंच्या पोटाच्या बाजूला मोहरी, उजवीकडे जिरं. एकही वाटी चुकली नाही. मला बाईंच्या मांडीवर ठेवून तिनं मोहरीत बोट घातलं.

"आई, मोहरी. म्हण की गो."

बाईंनी डावा हात पुढे केला. तो हात मला नवखा होता, पण जागा त्याला माहीत होती. मोहरी म्हटलं की मोहरीत, हळद म्हटलं की हळदीत. शब्द मात्र येईना. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दिल्हानी कंटाळत नव्हती. प्रिती म्हणायची, "पुरे कर गं, तिला त्रास होतोय." बाईंना त्रास होतच होता, तो माझ्या अंगावर त्यांच्या बोटांच्या दाबातून मला कळत होता.

रविवार उजाडला. बाईंची बॅग दाराशी. गाडी खाली यायची होती. दिल्हानी मला घेऊन पुन्हा बसली.

"आई, मोहरी."

बाईंचे ओठ हलले. मानेच्या शिरा ताणल्या. काही नाही. पुन्हा ओठ हलले. आणि मग त्यांनी डाव्या हातानं झाकण माझ्यावर दाबलं, मला उचललं आणि सगळा जोर लावून फेकलं. मी झाकणाच्या बाजूनं ओट्याच्या कोपऱ्यावर आपटलो. झाकण एकीकडे, वाट्या एकीकडे. पांढऱ्या फरशीवर हळद, मसाला, जिरं, सगळीकडे. हाच तो पोचा, मित्रांनो.

"बघितलंस?" प्रिती म्हणाली. "का छळतेस तिला?"

दिल्हानी फरशीकडे बघत उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता ही बॅग उचलून खाली नेऊन देणार. पण तिनं डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि थेट बाईंच्या आवाजात म्हणाली, "काय गो बाय, एवढं सांडलंस, आता भरायला काय तुझा सासरा येणार हाय?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या ओठांची डावी बाजू वर गेली. खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. आवाज न करता आधी, मग आवाजानं. दिल्हानी पण हसायला लागली आणि रडायलाही. बाई खुर्चीतून वाकल्या, ओट्याच्या कडेला अडकलेले जिऱ्याचे चार दाणे चिमटीत धरले, सुनेसमोर केले आणि म्हणाल्या, "सू... दु... रू."



"काय म्हणाली?" प्रिती म्हणाली. "काहीतरी बरळली बिचारी. नाही गं, हे काही शब्द नव्हे."

"सूदुरू," बाई पुन्हा म्हणाल्या, या वेळी सलग, आणि चिमूट दिल्हानीच्या तळहातावर ठेवली.

दिल्हानी खाली फरशीवर बसली. तिनं डोकं बाईंच्या गुडघ्यावर टेकलं. "जिरं, ताई," ती म्हणाली. "आई जिरं म्हणते. आमच्याकडे जिऱ्याला सूदुरू म्हणतात."

प्रिती आईकडे बघत राहिली, मग वहिनीकडे. वाचा गेल्यानंतर आईच्या तोंडून मनचा पहिला शब्द निघाला होता, आणि त्या घरात तो ओळखणारं माणूस एकच होतं. त्या माणसाच्याच गुडघ्यापाशी हळद सांडलेली होती. खालून गाडीवाल्याचा फोन आला. प्रितीनं फोन घेतला आणि सांगितलं, "दादा, माफ करा, आज येत नाही." मग पदर खोचून ती पण जिरं भरायला खाली बसली. जरा वेळानं खाली बघतच तिनं विचारलं, "काय म्हणालीस गं? सूदुरू? मला नीट शिकव."

नंतर बाईंचे शब्द आले, पण एकदम नाही. 'पाणी' आलं, 'चहा' आला, 'दिल्हानी' आलं आणि ते आलं त्या दिवशी घरात गोड झालं. 'प्रिती' आलं तेव्हा प्रितीनं बदलापूरहून फोनवर तीनदा म्हणायला लावलं. काही शब्द अजूनही वाट चुकतात. जिऱ्याला तर त्या जिरं म्हणतच नाहीत. आता घरात सगळे सूदुरूच म्हणतात, सुभद्राकाकूसुद्धा. काचेच्या बरण्यांत आता डाळी असतात, त्या त्यांना शोभतात. मी ओट्यावर आहे, पहिल्यासारखा.

मी सुखी आहे. मामांनी मला दिलं, बाईंनी मला वापरलं, आणि एका परक्या देशातल्या पोरीनं मला कपाटातून काढलं. या तिघांचे उपकार मी विसरायचा नाही. तुम्हाला माझं एकच मागणं आहे. घरात कुणी नवं माणूस आलं, आणि त्याला तुमची भाषा येत नसली, तर त्याला समोर बसवा आणि एकेक वस्तू हातात देऊन नाव सांगा. चुकलं तर हसा, पण त्याच्याबरोबर हसा. आणि त्याच्याकडचं एखादं नाव आपणही शिकून ठेवा. कधी कुणाला कशाची गरज पडेल सांगता येत नाही. जुन्या डब्यांचंही तसंच. वर टाकायच्या आधी एकदा उघडून बघत जा.

परवा निलेश सुट्टीवर आला. त्यानं मला हातात घेऊन फिरवून बघितलं आणि म्हणाला, "आई, केवढा पोचा आलाय. लालबागला भांडीवाल्याकडे देतो, ठोकून सरळ करून देईल."

बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी डावा हात माझ्या झाकणावर ठेवला, बरोबर पोच्यावर. ओठ हलले. आम्ही सगळे थांबलो, कारण आमच्याकडे आता सगळेच थांबतात, घाई कुणी करत नाही.

"नको," बाई म्हणाल्या.